एमआरआयमध्ये 'स्मॉल व्हेसल' बदल, फाझेकास २, मायक्रोब्लीड ३ : पुढे काय करायचं?

ओसरीकर

सासऱ्यांच्या रिपोर्टवर जाणकारांचं मत हवं आहे. वय ७२, मुक्काम सोलापूर. बीपी १६ वर्षं, मधुमेह ९ वर्षं. अर्धांगवायू, तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं असं कधी झालेलं नाही. हृदयविकार नाही, तंबाखू-दारू नाही.

दीड-दोन वर्षांत हळूहळू पडलेला फरक असा : चाल मंदावली, पावलं छोटी पडतात, वळताना तोल जातो. लघवीची घाई होते. नावं, नाती, कालच्या घडामोडी व्यवस्थित आठवतात, पण बँकेचा फॉर्म भरणं, पेन्शन आणि वीजबिलाचा हिशेब लावणं जमेनासं झालं. विचारल्याशिवाय बोलत नाहीत. मोका या आठवण आणि विचारशक्तीच्या छोट्या चाचणीत ३० पैकी २०. शिक्षण जुनी अकरावी.

रिपोर्टमधल्या कामाच्या ओळी : दोन्ही बाजूंच्या व्हाइट मॅटरमध्ये (मेंदूतल्या जोडणाऱ्या तारांचा भाग) फ्लेअर या एमआरआय पद्धतीवर पांढरे डाग, फाझेकास (डागांची मोजपट्टी) २. डाव्या थॅलॅमसमध्ये (मेंदूतलं एक खोल केंद्र) ६ मिमीचा जुना लॅक्यून (छोटी पोकळी). एसडब्ल्यूआयवर (जुनं रक्त दाखवणारी एमआरआय पद्धत) बेसल गँग्लियात (हीसुद्धा खोल केंद्रं) ३ मायक्रोब्लीड (रक्तस्रावाच्या सूक्ष्म खुणा). एमआर अँजिओ नॉर्मल. शेवटी 'वयानुसार होणारे क्रॉनिक स्मॉल व्हेसल इस्केमिक बदल' (बारीक वाहिन्यांमधून रक्त कमी पडून झालेले जुने बदल).

औषधं : अ‍ॅम्लोडिपीन १०, टेल्मिसार्टन ४०, मेटफॉर्मिन ५०० दोनदा, ग्लिमेपिराइड १, लघवीसाठी सॉलिफेनासिन ५, चक्करसाठी सिनॅरिझिन २५ दोनदा (वर्ष होऊन गेलं). एमआरआयनंतर भर पडली ती अ‍ॅस्पिरिन ७५ + क्लोपिडोग्रेल ७५, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन २० आणि सिटिकोलिन ५०० दोनदा यांची. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.४.

प्रश्न : अँजिओ नॉर्मल असताना रक्तवाहिन्यांचा आजार कसा? हा अल्झायमर आहे का? दोन-दोन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या लागतात का? बीपी किती खाली आणायचं?

---

काळंपांढरं

रिपोर्टपुरतं लिहितो, औषधांचं इतर लोक सांगतील.

अँजिओचा घोळ आधी. एमआर अँजिओत मेंदूच्या मोठ्या आणि मध्यम वाहिन्या दिसतात. हा आजार आहे तो त्यांच्यापासून काटकोनात फुटून थेट खोलवर शिरणाऱ्या बारीक वाहिन्यांचा. त्यातल्या बहुतेक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असतात आणि नेहमीच्या एमआरआयवर त्या दिसतच नाहीत. गावची मुख्य जलवाहिनी धडधाकट आहे म्हणून गल्लीतल्या प्रत्येक नळाला पाणी येतंच असं नाही. म्हणजे अँजिओ नॉर्मल आणि स्मॉल व्हेसल आजार या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात, त्यात विसंगती नाही. आपण एमआरआयवर वाहिनी बघत नाही, वाहिनी खराब झाल्यामुळे आजूबाजूच्या मेंदूचं काय झालं ते बघतो.

फाझेकास ही मोजपट्टी १९८७ पासून वापरात आहे. तिच्यात खरं तर दोन आकडे असतात : मेंदूतल्या पोकळ्यांभोवतीच्या डागांचा एक आणि खोल व्हाइट मॅटरचा दुसरा. खोल भागात ० म्हणजे काही नाही, १ म्हणजे सुटे ठिपके, २ म्हणजे ठिपके एकमेकांना चिकटू लागलेले, ३ म्हणजे एकत्र होऊन मोठे पट्टे झालेले. पोकळ्यांभोवती १ म्हणजे टोकांना टोपी किंवा कडेला पेन्सिलची रेघ, २ म्हणजे गुळगुळीत झालर, ३ म्हणजे ती झालर वेडीवाकडी होऊन आत पसरलेली. तुमच्या रिपोर्टात नुसतं '२' आहे, ते कुठलं हे रेडिओलॉजिस्टना विचारलं तर ते फिल्म बघून लगेच सांगतील.

'वयानुसार' हा शब्द मला खटकतो. साठीनंतर पांढरे ठिपके नसलेला माणूस विरळा, हे खरं. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या अभ्यासात ६० ते ९० वयोगटातल्या जेमतेम ५ टक्के लोकांचं व्हाइट मॅटर पूर्ण स्वच्छ निघालं होतं. त्यामुळे फाझेकास १ बघून सत्तरीच्या माणसाने झोप उडवून घेऊ नये. पण २ आणि सोबत लॅक्यून, सोबत खोल भागातले मायक्रोब्लीड, सोबत बदललेली चाल, एवढं सगळं एका माणसात असेल तर ते वयाच्या खात्यावर टाकून मोकळं होता येत नाही.

लॅक्यूनबद्दल एक खात्री करून घ्या. ३ ते १५ मिमीची, पाण्यासारख्या द्रवाने भरलेली गोल-लंबगोल पोकळी म्हणजे लॅक्यून. फ्लेअरवर तिच्याभोवती बऱ्याचदा पांढरी कडा असते. वाहिनीभोवतीची रुंदावलेली जागाही तशीच दिसते, पण ती सहसा ३ मिमीच्या आत असते, वाहिनीच्या दिशेने लांबट जाते आणि तिला कडा नसते. गडबडीच्या रिपोर्टात या दोन्हींची अदलाबदल होते. इथे ६ मिमी आणि थॅलॅमस म्हटलंय, म्हणजे लॅक्यूनच असण्याची शक्यता जास्त. थॅलॅमसमध्ये जागा मोक्याची असेल तर एवढासा खड्डासुद्धा विचारांच्या वेगावर त्याच्या आकाराच्या मानाने फार मोठा परिणाम करतो.

मायक्रोब्लीडमध्ये संख्येइतकीच जागा महत्त्वाची. बेसल गँग्लिया, थॅलॅमस, ब्रेनस्टेम अशा खोल भागात असतील तर पहिला संशय बीपीवर. फक्त मेंदूच्या पृष्ठभागाजवळच्या लोब्जमध्ये असतील, त्यातून पृष्ठभागावर जुन्या रक्ताचा थर दिसत असेल, तर अमायलॉइड अँजिओपॅथीचा (वाहिन्यांच्या भिंतीत अमायलॉइड प्रथिन साचण्याचा आजार) विचार करावा लागतो, आणि तिथे अ‍ॅस्पिरिनसारख्या औषधांचा हिशेब वेगळा होतो. तुमच्याकडे खोल भागातले आहेत, म्हणजे बीपीकडे बोट.

पुन्हा एमआरआय सहा-सहा महिन्यांनी करू नका, त्याने उपचार बदलत नाहीत. नवं लक्षण आलं किंवा डॉक्टरांना विशिष्ट प्रश्न पडला तर करा, आणि तेव्हा जुनी सीडी सोबत न्या. एसडब्ल्यूआयवर मायक्रोब्लीड जुन्या जीआरई पद्धतीपेक्षा जास्त दिसतात, ३ टेस्ला मशीनवर १.५ टेस्लापेक्षा जास्त दिसतात. मशीन बदललं की '३ चे ७ झाले' म्हणून घरात रडारड होते, ती नुसती मशीनची करामत असू शकते.

---

पाचवा मजला

वरच्या प्रतिसादाला जोडून, लक्षणांच्या बाजूने.

धागाकर्त्यांनी 'नावं, कालच्या घडामोडी आठवतात पण फॉर्म भरता येत नाही' हे लिहिलं, त्यातच बरंचसं निदान आहे. कपाळामागचा मेंदू आणि खोल केंद्रं यांना जोडणाऱ्या तारा व्हाइट मॅटरमधून जातात. त्या तारांवर डाग पडले की आधी जातो तो वेग, मग कामाची आखणी, एका कामातून दुसऱ्यात शिरणं, दोन गोष्टी एकदम सांभाळणं. साठवण बऱ्याच अंशी शाबूत असते, बाहेर काढायला वेळ लागतो. अल्झायमरच्या नेहमीच्या प्रकारात उलट असतं : नवी गोष्ट साठतच नाही.

याची झलक चाचणीतच मिळते. मोकामधले पाच शब्द पाच मिनिटांनी आठवले नाहीत, तर 'त्यातलं एक फूल होतं' किंवा 'शरीराचा एक अवयव होता' असा इशारा देतात. इशाऱ्याने शब्द सापडले तर ते साठलेले होते. इशाऱ्यानेही सापडले नाहीत तर चिंता वेगळी. इशाऱ्याचे गुण एकूण गुणांत धरत नाहीत, म्हणून नुसतं '२०' बघू नका, मूळ कागद मागून घ्या. घड्याळ काढणं, आकडे-अक्षरं आळीपाळीने जोडणं, मिनिटात शब्द सांगणं यात गुण गेलेत की आठवणीत, हे बघा. आणखी एक : शिक्षण १२ वर्षं किंवा कमी असेल तर एक गुण वाढवून देतात. जुनी अकरावी म्हणजे तो हक्काचा. धरलाय का ते पाहा. चाचणी मराठीतून झाली का हेही विचारा. ज्या भाषेत माणूस आयुष्यभर हिशेब करत आला ती सोडून दुसरीत शंभरातून सात-सात वजा करायला लावलं तर गुण जाणारच.

अर्थात 'हे किंवा ते' असं सरळ विभाजन या वयात होत नाही. सत्तरीनंतर दोन्ही आजार एकाच मेंदूत नांदताना अनेकदा सापडतात. आठवणीच्या तक्रारी पुढे वाढल्या तर मत बदलायची तयारी ठेवायची.

आता चाल. छोटी पावलं, वळताना तोल, लघवीची घाई, मंद विचार हे सगळं स्मॉल व्हेसल आजारात बसतं. पण तेच तीन गोष्टींत बसतं, आणि त्या तिन्ही आधी बाजूला काढायला हव्यात, कारण त्यांच्यावर काही करता येतं.

एक, नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस, म्हणजे मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी साचणं. मेंदूतल्या पोकळ्या इतर आकसण्याच्या मानाने फारच मोठ्या आहेत का? इव्हान्स इंडेक्स (पोकळ्यांच्या रुंदीचं कवटीच्या रुंदीशी प्रमाण) ०.३ च्या वर आहे का? असेल तर कमरेतून ३० ते ५० मिलि पाणी काढून आधी आणि नंतर चाल मोजतात.

दोन, औषधाने आलेला पार्किन्सनिझम (कंपवातासारखी लक्षणं). यादीतलं सिनॅरिझिन बघून मी थांबलोच. यावर खाली कोणीतरी सविस्तर लिहावं.

तीन, साधी रक्ततपासणी : बी१२, टीएसएच (थायरॉइडची), सोडियम, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन. मेटफॉर्मिन ९ वर्षं चालू असेल तर बी१२ कमी असण्याची शक्यता चांगलीच, शाकाहारी असतील तर आणखी. बी१२ च्या कमतरतेने तोल आणि बुद्धी दोन्ही बिघडतात आणि हे दुरुस्त होण्यासारखं आहे.

घरी मोजता येईल असं एक : हाताच्या खुर्चीत बसवा, समोर ३ मीटरवर खूण करा. उठून नेहमीच्या वेगाने खुणेपर्यंत जाऊन, वळून, परत येऊन बसायला किती सेकंद लागतात ते मोबाइलवर मोजा. १२ किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरून चाला. शेजारी कोणीतरी उभं राहा, वळताना धोका सर्वांत जास्त असतो. महिन्यातून एकदा, त्याच खुर्चीवरून आणि त्याच चपलेत मोजलं तर आकडे तुलना करण्याजोगे राहतात.

---

गोळ्यांचा डबा

बोलावणं आलंच आहे तर.

सिनॅरिझिन आणि त्याचा भाऊ फ्लुनॅरिझिन ही चक्करची औषधं मेंदूत हालचालींना लागणाऱ्या डोपामिनचे रिसेप्टर अडवतात. प्रोक्लोरपेराझिनही तेच करतं. तरुण माणसाला आठ-दहा दिवस दिलं तर सहसा काही होत नाही. सत्तरीच्या माणसाला महिनोन्‌महिने चालू ठेवलं तर चाल मंद होते, चेहरा मख्ख होतो, हात थरथरतात, उत्साह जातो. आपल्याकडे हे फार होतं : चक्कर आली, गोळी लिहिली, चक्कर गेली, गोळी राहिली. प्रत्येक वेळी जुनीच चिठ्ठी दाखवून पाकिटं आणली जातात. ही गोळी बंद करायची का, हा प्रश्न पुढच्या भेटीत पहिला विचारा. बंद केल्यावर फरक दिसायला आठवडे, कधी कित्येक महिने लागतात. पंधरा दिवसांत 'काही उपयोग नाही' म्हणून निकाल लावू नका.

सॉलिफेनासिन लघवीची घाई कमी करतं, पण ते अँटिकोलिनर्जिक आहे, म्हणजे अ‍ॅसिटिलकोलिन या संदेश पोचवणाऱ्या रसायनाला अडवतं, आणि आधीच मंदावलेल्या मेंदूला या गटातली औषधं सोसत नाहीत. ऑक्सिब्युटिनिन याहून वाईट. याच गटात सर्दीच्या गोळ्यांमधलं क्लोरफेनिरामिन, झोपेसाठी दिलं जाणारं अ‍ॅमिट्रिप्टिलिन, खाजेचं हायड्रॉक्सिझिन हेही येतं. दोन-तीन एकत्र आली की गोंधळ वाढतो. आधी लघवी केल्यावर पिशवीत किती उरते हे सोनोग्राफीत बघून घ्या, प्रोस्टेट मोठी असून लघवी तुंबत असेल तर हे औषध उलट घात करेल. दर दोन-अडीच तासांनी घड्याळ लावून जाणं आणि संध्याकाळी सहानंतरचा चहा बंद करणं याने बऱ्याच जणांना पुरेसा फरक पडतो. गोळी लागलीच तर मिराबेग्रॉन बुद्धीच्या बाबतीत बरं, पण ते बीपी वाढवू शकतं, म्हणून बीपी ताब्यात आल्यावर.

अ‍ॅस्पिरिन + क्लोपिडोग्रेल. या दोघांची जोडी लॅक्यूनर स्ट्रोकनंतर (खोलवरची बारीक वाहिनी बंद पडून आलेला झटका) दीर्घकाळ देऊन बघितली गेली आहे. एसपीएस३ नावाची चाचणी, ३०२० रुग्ण, २०१२ साली निकाल. पुन्हा स्ट्रोक येण्याचं प्रमाण अ‍ॅस्पिरिन एकट्यापेक्षा लक्षणीय कमी झालं नाही, मोठे रक्तस्राव मात्र जवळजवळ दुप्पट झाले आणि मृत्यू वाढले. छोट्या स्ट्रोकनंतर किंवा टीआयएनंतर (थोड्या वेळात ओसरणारा झटका) पहिले २१ दिवस जोडी देतात ती गोष्ट वेगळी. तुमच्या सासऱ्यांना स्ट्रोकच आलेला नाही. नुसत्या एमआरआयवरच्या बदलांसाठी, दुसरं कारण नसेल तर अ‍ॅस्पिरिनसुद्धा देऊ नये, असं युरोपियन स्ट्रोक ऑर्गनायझेशनच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. मायक्रोब्लीड आणि तोल जाणारी चाल हे जमेला धरलं तर जोडीचं समर्थन करणं अवघड आहे. पण स्वतःहून बंद करू नका. डॉक्टरांना काही वेगळं कारण दिसलं असेल, नाडी अनियमित वाटली असेल, हे आधी विचारा. नाडीवरून आठवलं : एक ईसीजी झालेला नसेल तर करून घ्या. एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता) निघालं तर औषधाचा सगळा पाया बदलतो.

ग्लिमेपिराइड. एचबीए१सी ६.४ बघून लोक पाठ थोपटतात. बुद्धी मंदावलेल्या बहात्तरीच्या माणसात ग्लिमेपिराइड घेऊन ६.४ म्हणजे साखर गरजेपेक्षा खाली दाबली जातेय. अशा रुग्णात ८ च्या आत असलं तरी चालतं. जेवण उशिरा झालं की साखर पडते, घाम येतो, गोंधळ होतो, आणि घरचे म्हणतात डोकं आणखी बिघडलं. ही गोळी काढता येते का विचारा.

स्टॅटिन चालू द्या, मधुमेहासाठी त्याची तशीही गरज आहे. सिटिकोलिनने हा आजार थांबतो असा भक्कम पुरावा नाही. अपाय फारसा नाही, खिशाला मात्र बसतो. पिरासिटॅमचंही तेच. ब्राह्मी-शंखपुष्पीबद्दल कोणी विचारण्याआधीच लिहितो : या आजारात उपयोग होतो असं सिद्ध झालेलं नाही. जिन्कोच्या गोळ्या अ‍ॅस्पिरिनसोबत नकोतच.

---

ओसरीकर

खूप उपयोगी माहिती, आभार. मोकाचा कागद मिळवला. पाचपैकी दोन शब्द आपणहून, उरलेले तीन इशाऱ्याने सांगितलेत. घड्याळ आणि आकडे-अक्षरं जोडणं यात शून्य. इव्हान्स इंडेक्स ०.२७ सांगितला. ईसीजी नॉर्मल.

बीपीचे आकडे (दंडावरचं मशीन) : बसून सरासरी १४८/७२. उभं राहून एका मिनिटाने १२४/६६, तीन मिनिटांनी १३०/६८. एका डॉक्टरांचं म्हणणं १२० च्या खाली आणा, दुसऱ्यांचं म्हणणं या वयात १५० चालतं, कमी केलं तर मेंदूला रक्त कमी पडेल.

---

पारा १२०

दोन्ही डॉक्टर अर्धे-अर्धे बरोबर आहेत. जरा सविस्तर लिहावं लागेल.

'बीपी कमी केलं तर डाग वाढतील' ही जुनी भीती आहे आणि तिला मोठ्या चाचणीत आधार मिळाला नाही. अमेरिकेतल्या स्प्रिंट चाचणीत ९३६१ जणांना दोन गटांत वाटलं : एकात वरचं बीपी १२० च्या आत, दुसऱ्यात १४० च्या आत. २०१९ साली बुद्धीवरचे निकाल आले. १२० वाल्या गटात सौम्य बौद्धिक घट लक्षणीय कमी होती. डिमेन्शियाही कमी दिसला, पण तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. एमआरआय झालेल्यांमध्ये व्हाइट मॅटरच्या डागांची वाढ १२० वाल्यांत सरासरी ०.९२ घन सेंमी, १४० वाल्यांत १.४५. म्हणजे थांबली नाही, मंदावली.

आता पाणी घाला या उत्साहात. स्प्रिंटमध्ये मधुमेही नव्हते, आधी स्ट्रोक आलेले नव्हते, आणि उभं राहिल्यावर एका मिनिटाने वरचं बीपी ११० च्या खाली जाणारे घेतलेच नव्हते. शिवाय तिथलं बीपी शांत बसवून स्वयंचलित मशीनने घेतलेलं. दवाखान्यात घाईत घेतलेला आकडा त्याहून बराच वर असतो. म्हणून तो १२० आपल्या ओपीडीत जसाच्या तसा लावता येत नाही. लॅक्यूनर स्ट्रोकवाल्यांसाठी त्याच एसपीएस३ चाचणीत १३० च्या आत हे उद्दिष्ट होतं. एकूण स्ट्रोकमधली घट काठावर राहिली, मेंदूतला रक्तस्राव मात्र स्पष्टपणे कमी झाला. खोल मायक्रोब्लीड असलेल्या माणसाला हे लागू पडतं. माझ्या मते १३०/८० च्या आसपास हे इथलं उद्दिष्ट, दोन-तीन महिने घेऊन हळूहळू.

पण तुमच्याकडे उभं राहिल्यावर २४ ची घसरण आहे. वरचं २० ने किंवा खालचं १० ने पडलं की त्याला ऑर्थोस्टॅटिक हायपोटेन्शन म्हणतात. आणि मला दाट शंका आहे की ज्या 'चक्कर'साठी सिनॅरिझिन सुरू झालं ती चक्कर हीच. कानाची चक्कर असती तर अंथरुणात कूस बदलतानाही आली असती. उठल्यावरच येते का, एवढं विचारून बघा.

अशा वेळी बीपीच्या गोळ्या झटक्यात कमी करणं ही पहिली प्रतिक्रिया असते. आधी बाकीची कारणं काढा. पाणी कमी पितात का? लघवीच्या घाईने घाबरून वृद्ध मंडळी पाणी तोडतात, हे नेहमीचं. मधुमेहाने स्वायत्त नसा गेल्यात का, बी१२ कमी आहे का, प्रोस्टेटसाठी कोणी टॅम्सुलोसिन सुरू केलंय का? सकाळी उठण्याआधी पलंगावरच दोन ग्लास पाणी, मग दोन मिनिटं पाय खाली सोडून बसणं, मग उभं राहणं. पलंगाची डोक्याकडची बाजू १५ सेंमी उचलायची; पलंगाच्या त्या बाजूच्या पायांखाली विटा चालतात, नुसत्या उशा वाढवून उपयोग नाही. पोटभर जेवणानंतर तासभर जपायचं. यानंतर पुन्हा मोजून टेल्मिसार्टन ४० चं ८० करता येईल का हे डॉक्टर ठरवतील. वाढवल्यावर दोन आठवड्यांनी पोटॅशियम, क्रिएटिनिन. क्लोरथॅलिडोनसारखी लघवीची गोळी जोडली तर सोडियम नक्की बघा. सोडियम १२५ वर आलेला वृद्ध माणूस डिमेन्शिया झाल्यासारखाच वागतो.

गोळी सकाळी की रात्री, यावर घराघरांत वाद असतात. ब्रिटनमधल्या टाइम चाचणीत २१ हजारांहून जास्त लोकांत फरक सापडला नाही. जी वेळ चुकणार नाही ती बरोबर.

मोजण्याची पद्धत, कारण चुकीच्या आकड्यावर केलेले उपचार चुकीचेच. सात दिवस, सकाळी गोळीआधी आणि रात्री. लघवी करून आल्यावर पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीला, दंड हृदयाच्या पातळीवर टेबलावर. मिनिटभराच्या अंतराने दोनदा. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी. कफ सदऱ्याच्या बाहीवरून बांधू नका. दंडाचा घेर ३२ सेंमीहून जास्त असेल तर मोठा कफ लागतो, लहान कफ आकडा फुगवतो. मनगटावरचं मशीन नको. पहिल्या दिवशी दोन्ही हातांचं बघा. ज्याचं जास्त त्याच हाताचं कायम घ्या.

मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर, त्यात लोणचं-पापड-फरसाणातलंही धरून. पोटॅशियमवाल्या मिठाने चीनमधल्या मोठ्या चाचणीत स्ट्रोक कमी झाले आहेत, पण टेल्मिसार्टन घेणाऱ्याने ते पोटॅशियम-क्रिएटिनिन तपासल्याशिवाय सुरू करू नये.

---

पाचवा मजला

मोकाचा कागद आला ते बरं झालं. पाचही शब्द शेवटी सापडले, आखणीचे गुण गेले : चित्र स्मॉल व्हेसलच्या बाजूला झुकतं. इव्हान्स ०.२७ म्हणजे हायड्रोसेफॅलसची बाजू कमकुवत.

'विचारल्याशिवाय बोलत नाहीत' यावर दोन ओळी राहिल्या होत्या. याला अ‍ॅपथी म्हणतात आणि ती नैराश्याहून वेगळी. नैराश्यात माणूस दुःखी असतो, स्वतःला दोष देतो, झोप-भूक बिघडते. अ‍ॅपथीत तक्रारच नसते, इंजिन सुरूच होत नाही. सरसकट नैराश्याची गोळी दिली तर अ‍ॅपथी सहसा हलत नाही, वर या गटातल्या गोळ्यांनी सोडियम उतरतं. दिवसाचं ठरलेलं वेळापत्रक आणि कोणीतरी दिलेला पहिला धक्का याचा उपयोग जास्त. 'फिरायला जायचं का?' असं विचारलं तर उत्तर 'नको' येणार. चपला पुढे ठेवून 'चला' म्हटलं की येतात.

घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं आहे का, हे सासूबाईंना विचारा. स्लीप अ‍ॅप्निया असेल तर बीपी ताब्यात येत नाही.

---

उंबरठा

घराच्या बाजूने थोडं.

चालताना त्यांच्याशी बोलू नका. हसू येईल, पण या आजारात चालणं आपोआप होत नाही, ते लक्ष देऊन करावं लागतं. मध्येच 'बाबा, चावी घेतली का?' विचारलं की पाऊल अडतं. वळताना जागच्या जागी गिरकी नको, अर्धवर्तुळ घेऊन वळायला शिकवा. फिजिओथेरपिस्टकडून खुर्चीतून उठ-बस, टाचा-चवड्यांचे व्यायाम आणि तोलाचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस. बाकी रोज अर्धा तास चालणं. रात्री पलंग ते न्हाणीघर या वाटेवर दिवा, पायपुसणी काढून टाकलेली, कमोडशेजारी भिंतीत बसवलेला दांडा. टॉवेलचा रॉड दांडा म्हणून वापरला तर तो माणसासकट खाली येतो.

सूचना एका वेळी एक. 'आंघोळ करून, कपडे घालून, गोळी घेऊन या' यातली पहिलीच होते. गोळ्यांसाठी आठवड्याच्या कप्प्यांची डबी, आणि ती भरायचं काम दुसऱ्याचं.

कागदपत्रं आत्ता, नंतर नको. मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेली की आपल्या करार कायद्याप्रमाणे ते संपतं, त्यामुळे 'पुढे लागेल' म्हणून केलेलं साधं मुखत्यारपत्र नेमकं लागतं तेव्हा चालत नाही. मग पालक म्हणून नेमणुकीसाठी कोर्टाची पायरी चढावी लागते. आज ते समजून सही करू शकतात, तर बँक खाती 'दोघांपैकी कोणीही' पद्धतीची करणं, नॉमिनेशन, मृत्युपत्र हे उरकून घ्या. मृत्युपत्राच्या दिवशीचं, समज शाबूत असल्याचं डॉक्टरांचं पत्र सोबत ठेवलं तर पुढची भांडणं टळतात.

आणि एक धोक्याचं. अशा घरात अचानक आलेला बदलही 'जुनंच आहे' म्हणून खपतो. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळणं अचानक झालं तर सिटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात लगेच. गाठ विरघळवायच्या इंजेक्शनची मुदत साडेचार तासांची असते, त्यात शेवटचं ठीक कधी दिसले ती वेळ विचारतात. पडल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी सुस्ती किंवा गोंधळ वाढला तरी स्कॅन हवा. अ‍ॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेलवरच्या वृद्धाच्या कवटीत रक्त हळूहळू साचतं आणि बाहेर टेंगूळही दिसत नाही.

---

नवी पालवी

हे आनुवंशिक असतं का? सासऱ्यांना आहे म्हणून नवऱ्याने एमआरआय करावा का?

---

काळंपांढरं

बीपी-मधुमेहासोबत बहात्तरीत आलेलं असेल तर नाही. मुलांनी एमआरआयपेक्षा स्वतःचं बीपी आणि साखर मोजावी, तो वारसा जास्त खात्रीचा.

आनुवंशिक प्रकार आहेत, त्यातला सर्वांत माहितीतला कॅडासिल. नॉच३ नावाच्या जीनमधला दोष. संशय कधी घ्यायचा : घरात एकाहून जास्त जणांना चाळिशी-पन्नाशीत स्ट्रोक, तरुणपणापासून डोळ्यांपुढे नागमोडी रेषा येऊन होणारी अर्धशिशी, बीपी नसताना भरपूर डाग, आणि एमआरआयवर ते डाग कानशिलाच्या लोबच्या पुढच्या टोकात. ही टोकं साध्या बीपीच्या आजारात सहसा स्वच्छ असतात, म्हणून रिपोर्टात त्यांचा उल्लेख नसेल तर विचारावा. असं चित्र असेल तर आधी आजारी व्यक्तीची जीन तपासणी करतात, आणि तिच्यात दोष सापडला तरच नातेवाइकांची, तीही जेनेटिक काउन्सेलिंग घेऊन. लक्षणं नसलेल्या अठराच्या आतल्या मुलांची ही तपासणी करत नाहीत.